वेगळी फांदी

प्रिय चिमणे,

तुझा लेख पोचला. आई तो येईल त्याला वाचून दाखवते. तिला त्यातलं ओ की ठो कळत नाही, पण तुझं नाव आलं की चष्मा वर करून माझ्याकडे बघते. माझ्या चित्रांचं पुस्तक आलं तेव्हा म्हणाली होती, पक्षी जरा मोठे काढायचेस!

तर आफ्रिकेतल्या त्या इवल्याशा पक्ष्यांचं बिऱ्हाड तू वेगळं केलंस. इतकी वर्षं ते वॅक्सबिल नावाच्या पक्ष्यांच्या प्रजातीत सुखाने नांदत होते. मीच त्यांना पुस्तकात एका फांदीवर दाटीवाटीने बसवलं होतं. पोट पिवळसर, वरची चोच काळी, खालची लाल. ती लाल रेघ मी श्वास रोखून काढायचे आणि तू टेबलाखालून माझे पाय ओढायचीस. आता तुझी जनुकांची तपासणी म्हणते, दिसायला सारखे असले तरी नातं तितकं जवळचं नाही. या तीन जातींची प्रजाती वेगळी. म्हणजे माझं पान बाद. खरं सांगते, जळफळाट झाला.

पण तोही गिळला असता. तुझं भाषण आईबरोबर कॉम्प्युटरवर पाहिलं. शेवटी तू संग्रहालयातल्या त्या चित्रकार बाईंचे आभार मानलेस आणि सगळ्यांसमोर त्यांना ताई म्हणालीस. आई म्हणाली, किती गोड बोलते गं. मी उठले आणि घासलेली भांडी पुन्हा घासली, चांगली आदळून. मग त्या बाईंची चित्रं शोधून शोधून पाहिली. चांगली आहेत, हेच तर दुखणं आहे. फक्त पक्ष्यांचे पाय कोंबडीसारखे जाडजूड काढतात.

आता मुद्द्याचं. प्रकाशकाने विचारलंय, नवं पान त्या बाईंकडे दिलं तर माझी हरकत आहे का. तूच सुचवलंस म्हणे, ताईच्या डोळ्यांना त्रास नको म्हणून. माझे डोळे ठणठणीत आहेत आणि माझी हरकत आहे. तुझ्या तिघांना वेगळी फांदी मीच काढून देणार. पहिला पक्षी सोबत पाठवतेय. चोचीची रेघ जरा हललीय. टेबलाखाली कुणी नव्हतं, त्याची सवय नाही. त्या बाईंना मॅडम म्हण, मावशी म्हण, काय हवं ते म्हण. पक्ष्यांची नाती खुशाल बदल, पण ताई मी एकटीच आहे.

तुझीच, आणि दुसऱ्या कुणाचीही नसलेली,
ताई