लताची तक्रार

४ फेब्रु., तबूक, सौदी अरेबिया
हॉस्पिटलच्या इमर्जन्सीत, माझ्या ड्यूटीवर एक बाई आली. मनगट मोडलेलं, पाठीवर इस्त्रीचे चटके. हिंदीत म्हणाली, जिन्यात पडले. ड्रेसिंग करताना "आई गं" निघालं तिच्या तोंडून. मी मराठीत विचारलं, कुठली तू? रडायलाच लागली.

लता. नांदेडकडची. घरकामाला आलेली, छळाला कंटाळून पळाली. मालकाने फरार म्हणून नोंदवलं, इकामा, म्हणजे इथे राहण्याचा परवाना, गेला. मग ज्या एजंटने आसरा दिला, त्यानेच हे केलं. आता नेपाळी मैत्रिणीकडे लपलीय.

पोलिसांत जाऊ म्हटलं तर माझा हात घट्ट धरला. "ताई, आधी मलाच आत टाकतेत."

५ फेब्रु.
सुहासला सांगितलं. भडकला. "फरार बाईला मदत केली तर आपणही अडकू. मिहिकाची दहावी आहे." नवऱ्याचं चुकत नाही. तरी राग आला.

७ फेब्रु.
भारतीय वकिलातीत फोन. तिथले गृहस्थ जपून बोलले. मानवी तस्करीची पीडित ठरली तर कायदा तिला संरक्षण देतो, राहूही देतात. "पण मॅडम, पीडित की फरार, ते ठरवणं समोरच्या अधिकाऱ्यावर." म्हणजे...

लताला जसंच्या तसं सांगितलं.

९ फेब्रु.
लताचा फोन. एजंटच्या फ्लॅटमध्ये अजून एक मुलगी आहे, केनियाची. बाहेरून कुलूप. "मी सुटले ताई. तिचं काय?"
पोलिसांत जाते म्हणाली. मी म्हटलं, थांब. मग म्हटलं, एकटी जाऊ नकोस.

१० फेब्रु.
रजा टाकली. सुहासने स्वतःहून गाडी काढली, वाटेत लताला घेतलं. पोलीस ठाण्याबाहेर तो थांबला.

अधिकारी तरुण. पहिला प्रश्न, इकामा? "खलास," लता म्हणाली. आणि प्लास्टरचा हात टेबलावर ठेवला. मी मोडक्या अरबीत सांगत गेले. चटके, कुलूप, पत्ता. त्याने लिहिणं थांबवून कुणाला तरी फोन लावला. महिला पोलीस आली, लताला आत नेलं. अधिकारी मला म्हणाला, यल्ला, तुम्ही निघा.

लता वळून म्हणाली, "जा ताई. लेक वाट बघत असंल."

गाडीचा पट्टा लागेना.

१३ फेब्रु.
वकिलातीतून कळलं, केनियाची मुलगी सापडली. जिवंत. एजंट कोठडीत. लता? आश्रयगृहात की हद्दपारीच्या कोठडीत, त्यांनाही माहीत नाही. तिचा फोन बंद.

मिहिका विचारते, "आई, विल दे पनिश हर?"

संध्याकाळी ठाण्यातून फोन. रविवारी जबाबाला या, तुमचा इकामा घेऊन. लता कुठंय, विचारलं. तोवर त्यांनी फोन ठेवला होता.