मौनीबाबाचा पहिला नंबर

सर, तुमची यादी आता फ्लेक्सवर जाणार आहे. दहा फूट बाय सहा फूट. येत्या रविवारी अकोल्यात तुमच्या आठवणीत कार्यक्रम आहे. आपल्या क्लासमधले आम्ही अकरा जण वाजवणार आहोत. मागे तुमचा फोटो असेल आणि फोटोशेजारी ‘सरांच्या मते रॉकमधले सर्वश्रेष्ठ दहा गिटारवादक’ अशी यादी. पहिल्या मसुद्यात ‘सर्वश्रेष्ठ’ चुकीचं लिहिलं होतं, ते मी दुरुस्त करून दिलं. तिसऱ्यापासून दहाव्यापर्यंत कोणाची तक्रार नाही. पहिल्या नंबरावरून मात्र गेले नऊ दिवस ग्रुपवर जे चाललं आहे ते तुम्ही पाहिलं असतं तर फोन कूलरच्या पाण्यात टाकला असता. आणि वही माझ्याकडे आहे म्हणून सगळे माझ्याच मागे लागले आहेत. फ्लेक्सवाल्याला उद्या सकाळी मजकूर द्यायचा आहे. सर, राग मानू नका, पण हा घोळ तुम्ही करून ठेवला आहे.

दुसरीकडे लोक अशा याद्या कशा करतात ते मी आता पाहतो. मोबाइलवर रोज एक येते. कोणी विक्री बघतं, कोणी मतदान घेतं, कोणी वेग मोजतं. खाली हजार लोक एकमेकांची अक्कल काढत असतात, पण निदान यादी एका जागी थांबते. तुमची कधीच थांबली नाही. जठारपेठेतल्या त्या झेरॉक्सच्या दुकानावरच्या खोलीत दर रविवारी सकाळी ती नव्याने मोडायची. तुमचा नियम एकच होता, “वाजवून दाखव, मग नंबर सांग.” ज्याला वर चढवायचं असेल त्याचा एक तुकडा सगळ्यांसमोर वाजवायचा. नीट वाजला तर तो वर, फसला तर खाली. म्हणजे साता समुद्रापलीकडच्या, लाखो लोकांनी डोक्यावर घेतलेल्या माणसाचा नंबर अकोल्यातल्या पोरांच्या बोटांवर ठरायचा. एकदा एक थोर माणूस तिसऱ्यावरून थेट नवव्यावर गेला, कारण त्याची बाजू घेणाऱ्याची तार तुटली. मी तेव्हाच म्हटलं होतं, सर, यात त्या वादकाची काय चूक? तुम्ही म्हणालात, “चूक नाही रे. वकील चांगला भेटला नाही त्याले.”

खरी नावं तुम्ही क्वचितच घ्यायचात. तुमची वडिलार्जित भटजीपणाची सवय असेल, पण प्रत्येकाचं बारसं तुम्ही स्वतः करायचात. जो भरभर वाजवतो तो पोपट. जो एकच मुद्दा सात प्रकारे मांडून शेवटी पटवतोच तो वकीलसाहेब. आणि जो दोन सुरांमध्ये इतका वेळ गप्प बसतो की लाइट गेली की काय असं वाटावं, तो मौनीबाबा. वहीत मी तीच नावं लिहिली आहेत. कंसात खरी नावं लिहू का, असं मी विचारलं होतं. तुम्ही म्हणालात, “लिहून काय करतं? ते येणार आहेत का वाचाले?” बारावीनंतर माझं शिकणं सुटलं, पण अक्षर चांगलं होतं आणि शुद्धलेखन चुकत नव्हतं, म्हणून वही माझ्याकडे आली. मला ती मोठी गोष्ट वाटायची. तारीख, कोणी वाजवलं, कोण वर गेलं, कोण खाली, सगळं मी शाईने लिहायचो आणि पट्टीने खाली रेघ मारायचो.

माझा वकीलसाहेब होता. त्याचं सगळं मोजून मापून असतं, एक सूर इकडचा तिकडे नाही. चार महिने मी रोज तो एक तुकडा घासला आणि एका रविवारी न चुकता वाजवला. तुम्ही डोळे मिटून ऐकलंत आणि म्हणालात, “चूक एकही नाही.” वकीलसाहेब पहिल्या नंबरावर गेला आणि तीन रविवार तिथेच राहिला. ते शब्दही मी वहीत लिहून ठेवले आहेत. ते कौतुक होतं की नाही हे मी अजून ठरवू शकलेलो नाही. तेवढं तरी तुम्ही स्पष्ट बोलायला हवं होतं.

आता चौथ्या रविवाराबद्दल. बाळापूरचा तो, ज्याच्या घरी भाजीपाला पिकतो, पहाटे बाजारात माल उतरवून सरळ क्लासला यायचा. त्याच्या गिटारीच्या पिशवीतून कधी मेथीची काडी निघायची, कधी कांद्याचं साल. त्या दिवशी तो म्हणाला, “सर, मी मौनीबाबाले एक नंबरवर न्याले आलो.” पोरं हसली. तो अँप्लिफायरला वायर लावतो न लावतो तोच लाइट गेली. अकोल्याचा मे महिना, पंखा बंद, कूलर बंद, खिडकीतून नुसती झळ. मी म्हटलं, पुढच्या रविवारी घेऊ. तुम्ही म्हणता, “काहून? बोटं लाइटवर चालतात का त्याची?” आणि तो वाजवतो. अँपशिवाय इलेक्ट्रिक गिटार म्हणजे डब्यावर नख मारल्यासारखा आवाज. आम्ही तिघं खुर्च्या सरकवून पुढे येतो. तो एक सूर लावतो, तार ओढून धरतो आणि सोडतच नाही. खाली झेरॉक्सवाला कोणाशी तरी भांडत असतो, त्याचंही ऐकू येतं. मग दुसरा सूर. मग काहीच नाही. मग तिसरा.

त्याचं वाजवून झालं. मग तुम्ही माझ्याकडे पाहून म्हणालात, “मौनीबाबा एक नंबर. लिही.” मी म्हटलं, सर, अँपवर वाजवलेलं नाही, हे धरता येणार नाही. तुम्ही म्हणालात, “तुले ऐकू आलं का?” आलं. “मंग?” मी म्हटलं, पण नियम. तेव्हा तुम्ही सगळ्यांसमोर म्हणालात, “अबे, तू गिटारवाला आहे का कारकून आहे?” पोरं हसली. बाळापूरचा हसला नाही, हेही सांगायला हवं. मी म्हटलं, पेन संपलं आहे, घरी लिहितो. पेन संपलेलं नव्हतं. रागाने मी वही मिटली आणि घरी गेल्यावरही लिहिलं नाही. पुढच्या रविवारी तुम्हाला नियम नीट समजावून सांगायचे, असं ठरवून सहा मुद्दे काढले. गुरुवारी तुम्ही गेलात.

म्हणून वहीत शेवटची नोंद वकीलसाहेबाची आहे. पहिला नंबर, माझ्या बोटांवर मिळालेला. त्या दिवशीच्या इतर दोघांपैकी एकाला फक्त उकाडा आठवतो आणि दुसऱ्याला काहीच आठवत नाही. दरवर्षी तुमच्या तिथीला ग्रुपवर हा वाद निघतो. बाळापूरचा लिहितो, “शेवटच्या रविवारी सरनं मौनीबाबाले एक नंबर देला होता.” बाकीचे लिहितात, वहीत दाखव. मग मी त्या पानाचा फोटो टाकतो, काही न लिहिता. सहा वर्षं मी हे केलं. इथे अमरावतीच्या कोचिंग क्लासमध्ये मी प्रश्नपत्रिका टाइप करतो, एका वेलांटीसाठी शिक्षकांना दोनदा फोन लावतो, आणि हे मात्र सहा वर्षं चालू दिलं. त्याला पोरं फेकू म्हणू लागली. मागच्या वर्षी त्याने वाद घातला नाही. एवढंच लिहिलं, “वही त्याच्यापाशी आहे बाप्पा, तो म्हणन ते.”

आज दुपारी त्याचा फोन आला. हॉल त्याने ठरवला, खुर्च्या त्याने सांगितल्या, फ्लेक्सचंही तोच बघतो. म्हणाला, “तू पाठवून दे बे काय पाठवाचं ते. फ्लेक्सवाला जीव खाऊन राह्यला.” भांडला असता तर मी वहीचं पान पुन्हा पाठवून मोकळा झालो असतो. तो भांडला नाही. मी डबा तसाच ठेवला आणि ग्रुपवर सगळं लिहिलं. लाइट, कूलर, पेन, सगळं. खाली यादी दिली, मौनीबाबा एक, वकीलसाहेब दोन. तीन वेळा वाचून पाहिलं आणि पाठवलं.

मला वाटलं विषय संपला. एकाने लिहिलं, “सहा वर्सं वही वही करत होता ना बे तू?” दुसऱ्याने विचारलं, मग बाकीचे आठ तरी खरे आहेत का? कोणी म्हणालं, अँपशिवायचं धरायचंच नाही, वकीलसाहेबच ठेवा. म्हणजे माझेच मुद्दे मला ऐकवू लागले. आणि ज्याच्यासाठी मी हे केलं त्याने काय लिहावं? “अबे, मौनीबाबा माह्या यादीत चवथ्यावर गेला कवाचाच. मी सध्या वकीलसाहेब ऐकून राह्यलो. भारी आहे लेका.” सर, मी खुर्चीवरून उठलो. मी त्याला फोन लावला आणि बाहेरच्या जिन्यात उभं राहून ओरडलो की तुझी यादी कोणी विचारली, ही सरांची आहे, सरांनी एक नंबर दिला होता, तो तसाच जाईल. तो शांतपणे म्हणाला, “मंग फ्लेक्सवर एक नंबरची जागा कोरी ठेवतो. रविवारी तू वाजवून दाखव मौनीबाबा. नाही तर मी वकीलसाहेब टाकतो वर.” आणि हसला. कोचिंगमधली पोरं दारातून डोकावून पाहत होती.

म्हणजे मला आता चार दिवसांत तो तुकडा बसवायचा आहे. संध्याकाळी खोलीवर येऊन बघितला. सूर मोजून अकरा आहेत, बोटांना त्यात काहीच काम नाही. पण दोन सुरांमध्ये किती थांबायचं हे कुठेच लिहिलेलं नाही. मी मनात आकडे मोजून बघितले, घड्याळ लावून बघितलं. प्रत्येक वेळी मी पुढचा सूर लवकर वाजवतो. याच्याबद्दल तुम्ही कधी काही शिकवलं असेल तर ते वहीत नाही.

हे पत्र तुमच्या घरी काकूंकडे द्यावं असा विचार होता, पण त्यात तुमचं कारकूनवालं वाक्य आहे आणि त्यांना ते वाईट वाटेल, म्हणून ते माझ्याजवळच राहील. पुन्हा वाचताना एक चूक सापडली, ती दुरुस्त करतो. वर मी लिहिलं आहे की त्या रविवारी मी रागाने वही मिटली. राग होता, पण तुम्ही मला बोललात त्याआधीच माझं पेन खाली गेलं होतं. त्याचा तिसरा सूर आला तेव्हाच. मला त्याचं ते वाजवणं फार आवडलं होतं, सर.