देवासच्या अंगणातली साहेबी

१४ ऑक्टो. ७८
दसरा झाला. आज दारातल्या साहेबी द्राक्षाच्या वेलीची गोडी छाटणी केली, फळासाठीची. नाशकाला आबांचा नेमच होता, सोनं वाटून झालं की द्राक्षाला कात्री. शेजारच्या गीताभाभी कुंपणावरून म्हणाल्या, "भाभी, अभी मत काटो. अपने यहाँ ठंड में पाला पड़ता है." मी म्हटलं, हम अंगूरवालों की बेटी हैं. हे कारखान्यात जाताजाता हसले. हसोत बापडे.

२ नोव्हें.
डोळ्याडोळ्याला फूट. दादाचा निरोप आला: आबांच्या मळ्यातली साहेबीची शेवटची ओळही काढली. बाजारात बिनबियांचीच चालते म्हणे. म्हणजे आता ती आहे कुठे, तर माझ्या दारात! लेकीनं माहेरून आणलेली एक काडी. आबांची नजर गेली, खाणं तुटलं. एकदा तरी त्यांच्या तोंडात हिचं द्राक्ष घालायचंय. मग पुढचं काहीही होवो.

९ जाने. ७९
पाला पडला, रात्रीत दव गोठलं. सकाळी सगळी पानं काळी, शिजलेल्या भाजीसारखी. बारके घड धरले होते, तेही गेले. नाशिकचा दसरा देवासला आणून बसवला, दुसरं काय. भाभी चहा घेऊन आल्या. 'मैंने कहा था' म्हणाल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

२६ फेब्रु.
हे म्हणतात, काढून टाकू, जाई लाव. कडाक्याचं भांडण. जेवण वाढलं आणि वेलीपाशी जाऊन बसले.

११ मार्च
खोडाच्या सालीतून गुलाबी टोक!! तिथे डोळा नव्हता. रोज हात फिरवते, मला माहीत आहे. वाळक्या लाकडातून कोवळं पान... हात आपोआप जोडले गेले. टेकडीवरच्या देवीपुढेही इतके मनापासून जोडले नव्हते. ह्यांना ओढत आणलं. बघतच राहिले. डबा विसरून कामावर गेले.

दसरा
सोनं वाटलं. हात शिवशिवत होते. कात्री गीताभाभींकडे ठेवायला दिली.

२० जाने. ८०
थंडी ओसरतेय. भाभींनी कात्री आणून दिली, "अब काटो." छाटली.

८ फेब्रु.
कापल्या टोकांतून पाणी ठिबकतंय. भाभी म्हणाल्या, "रो रही है बेचारी." थेंब चाखला. नुसतं पाणी. ह्याची साखर कशी होते? वेलीखाली बसून राहिले, दूध उतू गेलं.

२९ मे
बुलबुलांनी लुटून एकच घड उरला. मलमलीच्या पिशवीत बांधलाय. लाल-जांभळा रंग चढलाय. उन्हात धरला तर आतली बी दिसते. मुलांना तंबी दिलीय. दादा आबांना घेऊन येतोय.

४ जून
आबा आले. आधी खोड चाचपलं, मग बसले. एक द्राक्ष तोंडात घातलं. कितीतरी वेळ घोळवलं. बिया तळहातावर काढल्या. दादा खाली मान घालून उभा.
मी विचारलं, "तीच ना, आबा?"
"गोड आहे गं. फार गोड. पण आपली कशी लागायची, ते आता आठवत नाही मला."
त्यांनीच हात पुढे केला. दुसरं दिलं. मग तिसरं. मग म्हणाले, "राहू दे. उद्या उपाशीपोटी खाऊन सांगतो."
अर्धा घड शिल्लक आहे.