पेट्रोल पंपामागे, सव्वापाच वाजता

प्रिय लिफ्टवाल्या,

ही हाक वाचून दचकला असशील. गेल्या कित्येक वर्षांत मी तुला 'अरे ऐक ना' यापलीकडे काही म्हटलेलं नाही, आणि तेही बहुतेक वेळा गाडीची काच खाली करून. आत्ता मी स्विमिंग पूलच्या गॅलरीत बसले आहे. थोरली पाण्यात आहे. आज तिला कोचबाईंनी पायांचाच व्यायाम दिलाय, त्यामुळे माझ्या हातात चांगला पाऊण तास आहे. कागद तिच्या भूगोलाच्या वहीतले आहेत, तिला सांगू नकोस. इथली हवा इतकी दमट असते की पेनसुद्धा मधूनमधून रुसतं. हे पत्र मुलांबद्दल नाही, हे आधीच सांगून ठेवते. नाहीतर तू 'फीची शेवटची तारीख' किंवा 'शनिवारची वेळ बदलली' असं काही शोधत ते वरवर चाळशील आणि खिशात टाकशील. हे आपल्या दोघांबद्दल आहे. 'आपण दोघं' असं काही अजून शिल्लक आहे की नाही, हे मला कळेनासं झालंय आणि त्याची मला भीती वाटते.

तू म्हणशील, वेडी आहेस का, रोज तर भेटतो. भेटतो की! सोमवार ते शुक्रवार, सव्वापाच वाजता, पेट्रोल पंपामागच्या मोकळ्या जागेत. मी ऑफिसातून निघून दोघांना शाळेतून उचलते, तू कामावरून परस्पर येतोस. धाकटा माझ्या गाडीतून उतरून तुझ्या गाडीत, त्याची बॅग माझ्या डिकीतून तुझ्या डिकीत. तुझ्याकडून माझ्याकडे थोरलीचा सकाळचा ओला टॉवेल आणि रिकामा डबा. केळं खाल्लंय, अंडं राहिलंय. फुटबॉलचे शिनगार्ड वरच्या कप्प्यात आहेत. गुरुवारी दातांचा डॉक्टर. की तू फुटबॉलच्या ग्राउंडवर आणि मी इथे. एकदा मी घड्याळ लावून पाहिलं होतं. चार मिनिटं लागली, आणि त्यातलं एक मिनिट धाकट्याचा बूट शोधण्यात गेलं.

याला कुणी वाईट माणूस कारणीभूत असता तर बरं झालं असतं, निदान त्याच्या नावाने बोटं मोडली असती. थोरलीला सारखा खोकला व्हायचा, डॉक्टरांनी पोहायला घाला म्हटलं, आपण घातलं. नव्याचे नऊ दिवस, महिन्याभरात कंटाळेल, असं तूच म्हणाला होतास. ती कंटाळली तर नाहीच, उलट कोचबाईंनी तिला पहाटेच्या तुकडीत घेतलं. मग ताईला आहे तर मला का नाही म्हणून धाकट्याने भोकाड पसरलं आणि त्याला फुटबॉल मिळाला. मग पाऊस पडला की फुटबॉल बुडतो म्हणून बुद्धिबळ. मग शनिवारी सामने, रविवारी स्पर्धा. पहाटे साडेचारला तिला घेऊन तू निघणार, म्हणून तू रात्री साडेनऊलाच आडवा व्हायला लागलास. तुझ्या गजराने माझी झोपमोड नको म्हणून सोफ्यावर झोपायला लागलास. चार दिवसांपुरतं, असं ठरलं होतं. त्याला आता अडीच वर्षं झाली. तू हे माझ्यावरच्या मायेने केलंस, हे मला ठाऊक आहे. मीही सोफ्यावर नवी उशी आणून ठेवली ती मायेनेच. असं एकेक मायेने करत करत आपण कुठे येऊन पोचलो बघ.

मुलं मात्र मजेत आहेत, ते नाकबूल करायचं नाही मला. आत्ता इथून दिसतंय, थोरली भिंतीला हात लावून वर आली, टोपी काढली आणि शेजारच्या मुलीच्या तोंडावर पाणी उडवलं. कोचबाई ओरडल्या, तरी दोघी हसतायत. तिचे खांदे किती रुंद झालेत, तुझ्या लक्षात आलंय का? तुझ्या आईसारखी उभी राहते आता, कमरेवर हात ठेवून. हे तुला सांगावं असं मला गेल्या महिन्यात वाटलं होतं. सव्वापाचला सांगणार होते, पण तुझी गाडी भलत्या जागी लागली होती, मागचा ट्रकवाला हॉर्न वाजवत होता, आणि ते राहून गेलं. अशा राहून गेलेल्या गोष्टींचा माझ्याकडे ढीग आहे. लोकांना वाटतं, खेळाडूंच्या आईबापांचे कष्टाने हाल होतात. कष्टाचं काही नाही रे, माणूस कष्टाला सरावतो. या बाकावर बसून दर वेळी शेजारी पर्स ठेवायची आणि ती कुणासाठी तरी जागा धरल्यासारखी दिसते, त्याला मी सरावले नाही.

परवा मी आपले फोनवरचे निरोप मागे मागे जाऊन वाचत बसले. मुलांशी, डब्याशी, वेळेशी ज्याचा संबंध नाही असा शेवटचा निरोप कधीचा असेल, ते शोधत होते. अकरा महिन्यांपूर्वीचा सापडला. तुझाच होता. कुठल्याशा इमारतीच्या गच्चीवर, लिफ्टच्या मशीनच्या खोलीत कबुतराने दोन अंडी घातली होती, त्याचा फोटो पाठवला होतास, आणि खाली लिहिलं होतंस की पिल्लं उडेपर्यंत मी या खोलीतलं काम पुढे ढकललंय, साहेबांना सांगू नकोस. त्यावर मी काय उत्तर पाठवलं माहितेय? 'धाकट्याचे मोजे तुझ्या गाडीत आहेत का?' तू लिहिलंस, 'आहेत.' त्यानंतर तू मला तसलं काही कधी पाठवलं नाहीस. मी ते वाचून ऑफिसच्या बाथरूममध्ये जाऊन रडले. पिल्लं उडाली का, ते मी आजवर विचारलेलं नाही.

आणि हाच तू, ज्याच्याशी माझी ओळखच मुळी बोलण्यातून झाली. पंधरा वर्षं होतील. मी पाचव्या आणि सहाव्या मजल्याच्या मधे अडकले होते, हातात फायलींचा गठ्ठा, जीव टांगणीला. आणि दाराच्या फटीतून एक आवाज आला की घाबरू नका, आधी सांगा तुम्ही चहात साखर किती घेता. चाळीस मिनिटं तू बाहेर फरशीवर बसून बडबडत होतास. तुझ्या मामाची सायकल, तुझी गणितातली नापास झालेली वर्षं, सगळं मी चेहरा न बघता ऐकलं. लिफ्ट वीस मिनिटांतच सुरू झाली होती आणि उरलेली वीस मिनिटं तू नुसताच बोलत होतास, हे तू लग्नानंतर कबूल केलंस. मी रागावले नव्हते, मी तुला जेवढं हसले तेवढं नंतर कधी हसले नाही.

आता ऑफिसातलं सांगते, म्हणजे माझ्या डोक्यात हे कुठून शिरलं ते कळेल. वेगळं होणाऱ्या नवराबायकोंचे कागद मीच टाइप करते, हे तुला माहीत आहे, पण त्यात काय असतं ते तू कधी विचारलं नाहीस आणि मीही सांगितलं नाही. मुलं असली की आमच्या वकीलबाई एक वेळापत्रक करून देतात. गेल्या आठवड्यात असंच एक होतं. मुलाची देवाणघेवाण सार्वजनिक ठिकाणी, ठरलेल्या वेळी, दहा मिनिटांच्या आत उरकावी. सामान एकाच बॅगेतून द्यावं. आईवडिलांनी एकमेकांशी फक्त मुलाच्या शाळा, खेळ आणि तब्येतीबद्दल बोलावं, शक्यतो लिहून. मी सरावाने टाइप करत गेले आणि तिसऱ्या ओळीला माझी बोटं थांबली. हे तर आपलं घर. लोकांना हे मिळवायला वर्षं लागतात, दोन-दोन वकील लागतात. आपण एकही भांडण न करता तिथे पोचलो, आणि आपण वेगळं व्हायचं ठरवलेलंही नाही.

ज्या बाईचा तो कागद होता ती एक बेकरी चालवते. वेगळं व्हायचं तिनेच ठरवलं होतं. सही करायला आली तेव्हा मनगटापर्यंत पीठ लागलेलं. सगळं वाचलं आणि वकीलबाईंना म्हणाली, दहाची पंधरा मिनिटं करता येतील का? बाईंनी समजावलं, मुलगा तर तुमच्याकडे चार दिवस आहेच. तर ती म्हणाली, मुलासाठी नाही हो, कशी आहेस एवढं विचारायला दहा मिनिटं पुरत नाहीत आमच्या ह्यांना, ते आधी पाच मिनिटं नुसते घसा खाकरतात. सगळे हसले, मीही हसले. मग मी दहाच्या जागी पंधरा टाइप केलं आणि मला तिचा हेवा वाटला. वेगळं होणाऱ्या बाईचा हेवा! म्हणजे माझी काय अवस्था आहे बघ.

त्यानंतरचा मंगळवार. त्या दिवशी ग्राउंडवर रोलर फिरवत होते म्हणून फुटबॉल नव्हता आणि धाकट्याला त्याच्या मित्राची आई घेऊन गेली. तू कळवलंस की मग मी कामावरच थांबतो. मी थोरलीला पाण्यात सोडलं आणि खाली मशीनचा चहा घ्यायला गेले, तर काचेच्या दारातून तुझी गाडी दिसली. पूलच्याच पार्किंगमध्ये, अगदी मागच्या रांगेत. तू आत होतास. सीट मागे टाकून, दोन्ही हात मांडीवर. फोन नाही, रेडिओ नाही, झोपही नाही. नुसता समोरच्या भिंतीकडे बघत होतास. मी धावत जाऊन दुसरा चहा घेतला. दोन कप हातात घेऊन दाराशी आले आणि माझे पाय थांबले. काच वाजवून तुला काय सांगायचं, तेच मला सुचेना. शिनगार्ड सुचले, फी सुचली, दाढ सुचली. पंधरा वर्षं ओळखत असलेल्या नवऱ्याशी बोलायला मला विषय मिळेना. मी तिथूनच तुला निरोप पाठवला, 'कुठे आहेस?' तू फोन उचलून वाचलास, बराच वेळ हातात धरून ठेवलास आणि लिहिलंस, 'कामावर.' मी लिहिलं, 'बरं.' दोन्ही कप मीच प्यायले, दाराआड उभी राहून.

तू खोटं बोललास म्हणून मला राग नाही आला. मीही खोटं बोलते. रोज घरी पोचल्यावर थोरलीला वर पाठवते आणि मी गाडीतच बसून राहते, दहा-पंधरा मिनिटं, आणि वर जाऊन सांगते की पार्किंग मिळत नव्हतं. घरोघरी मातीच्या चुली म्हणतात, इथे तर एका घरात दोन वेगळ्या चुली आहेत. पण तुला एकट्यालाच बसायचं होतं तर साऱ्या शहरात हीच जागा का निवडलीस, हे माझ्या मनातून जात नाही. वर गॅलरीत मी असते, हे तुला माहीत होतं. तू वर यायला निघाला होतास आणि माझ्यासारखाच अडलास, असं मी स्वतःला सांगते. खरं काय ते तुलाच माहीत.

आता मुद्द्याचं, ताकाला जाऊन भांडं कशाला लपवू. काल सव्वापाचला तू धाकट्याला घेऊन निघून गेलास आणि मी टायरमध्ये हवा भरायला पंपावर थांबले. हवा भरणारे काका चाकाशी वाकले होते. मान वर न करता, अगदी मनापासून म्हणाले की ताई, एक सांगू का, वेगळे झालात तरी तुम्ही दोघं मुलांचं किती समजूतदारपणे करता, नाहीतर इथे येऊन भांडणारी जोडपी मी पाहिलीत. आणि मी त्यांना नाही म्हटलं नाही. अहो काका, तो माझा नवरा आहे, एवढे चार शब्द माझ्या तोंडून फुटले नाहीत. मी म्हणाले, 'चालायचंच.' मागच्या सीटवर थोरली बसली होती. तिने ऐकलं. पूलपाशी उतरताना तिने एवढंच विचारलं की बाबा कुठे राहायला जाणार आहे. तिलासुद्धा मला पटकन उत्तर देता आलं नाही, म्हणून मी हे पत्र लिहितेय. उद्या मी ते तुझ्या हातात देईन. रविवारी दोघांच्या स्पर्धा एकाच वेळी आहेत. त्यातली एक बुडू दे, कुठली ते मुलं ठरवतील, रडारड झाली तर होऊ दे. आपण चौघं एकाच गाडीने जाऊ आणि मी पुढे तुझ्या शेजारी बसेन. आणि तुला हे आत्ता चाललंय तेच बरं वाटत असेल, सुटल्यासारखं वाटत असेल, तर तेही सांग. पण निरोप पाठवून नको आणि गाडीच्या काचेतून नको. घरी ये, माझ्यासमोर बस आणि तोंडाने सांग. मी रडेन, पण तेवढा वेळ तरी आपण एका खोलीत असू.

तुझीच,
अजून तुझीच