नवं व्हायच्या आधीचं कणीस

गुरुजी,

तुम्ही जाऊन बारा पावसाळे झाले. आज शाळा सुटल्यावर तुमचाच जगाचा नकाशा गुंडाळत होतो. वाळवीनं अमेरिकेचा एक कोपरा खाल्लाय, बाकी धड आहे. तो बाजूला ठेवून हा कागद लिहायला घेतला. मोखाड्याच्या या शाळेत मी एकटाच मास्तर. पोरं पाड्यांवर गेली की बोलायला कोणी उरत नाही. सूर्यमाळला घरी जावं तर आमचीच माणसं माझ्यासाठी खाट टाकतात आणि स्वतः जमिनीवर बसतात. मग मीही चार शब्द बोलून उठतो.

जव्हारला तुमच्या घरी राहून शिकायचो, तेव्हा तुमच्या चुलीपाशी असं एकटं कधी वाटलं नाही. एके दिवशी तुम्ही मागच्या पडवीत कणसं भाजत होता. एक माझ्या हातावर ठेवलंत, तर मी ते तसंच धरून उभा. "खा की रे, विस्तव नाही तो!" मी म्हटलं, "आमचा नवा नाय झाला, गुरजी." नवं पीक आधी देवाचं, मग पूर्वजांचं, एकेकाचं नाव घेऊन घास ठेवायचा आणि मगच आपण खायचं, हे तुम्हा देशावरच्या माणसाला मला समजावून सांगावं लागलं. तुम्ही हसलात. "अरे, मका तुझाही नव्हे नि माझाही नव्हे. तो अमेरिकेचा. तिथल्या लोकांनी हजारो वर्षं पेरून, निवडून साध्या गवताचं असं कणीस केलं." मी विचारलं, "मंग त्यांचे वाडवडलांचा घास कोन ठेवतं?" तुमचं हसू थांबलं. "माहीत नाही," म्हणालात आणि हातातलं अर्धं खाल्लेलं कणीस खाली ठेवलंत. आमचं नवं होईपर्यंत तीन आठवडे तुम्ही मक्याला हात लावला नाहीत. 'गुरजीला माहीत नाय' हे मी सुट्टीत आमच्या पाड्यावर घरोघरी सांगत सुटलो होतो, जसं काही मला बक्षीसच मिळालं होतं.

गेल्या महिन्यात डिपोटी साहेब शाळा तपासायला आले. अमेरिकेच्या शोधाचा धडा चालू होता. आमच्याच सूर्यमाळचा एक पोरगा, वर्षभर ज्यानं तोंड उघडलं नव्हतं, तो उभा राहिला. "गुरजी, गलबतवाला यायचे आधी तठं कोन रहत व्हता?" मला ठाऊक होतं हो! शहरं बांधणारे, आकाश बघून पंचांग करणारे, मका पिकवणारे, सगळं तुम्हीच सांगितलेलं. पण पुस्तकात एकच शब्द होता आणि साहेबांचं बोट नेमकं त्याच ओळीवर. मी म्हणालो, "रानटी लोक." साहेबांनी मान डोलावली. पोरगा खाली बसला. त्याला हा शब्द नवा नव्हता; बाजारात त्याच्या बापाला याच नावानं हाक मारतात. लहानपणी मलाही मारायचे.

दुसऱ्या दिवसापासून तो शाळेत येईना. मी त्याच्या घरी गेलो तर बाप म्हणाला, "आमी रानटी हाव ता आमाला ठावं हाय, मास्तर. त्याला साळंत कशाला जायाचा?" मग अंगणात बसून मी पोराला खरं उत्तर सांगितलं, तुमच्यापेक्षाही जास्त रंगवून. त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "मंग त्या दिशी का नाय सांगलास?" तो अजून शाळेत आलेला नाही.

हा कागद नकाशातच गुंडाळून ठेवतो, धाडणार कुठं? फक्त एक सांगायचं राहिलंय. परवा आमच्या घरी नवं झालं. देवाचा, आज्या-पणज्यांचा घास ठेवून झाल्यावर मी पानावर, परक्याचा ठेवत नाहीत तरी, आणखी दोन घास ठेवले. एक मका पेरणाऱ्या त्या माणसांचा. त्यांची नावं मला ठाऊक नाहीत. दुसरा तुमचा. आईनं तुमच्या घासाकडे बोट दाखवून विचारलं, "ह्यो कोनाचा रं?" सगळे माझ्याकडे बघत होते, गुरुजी. मी म्हणालो, "कोनाचा नाय."