काले म्हणजे उद्यासुद्धा

आई, तू त्या दिवशी बरोबर होतीस! घरी आल्याबरोबर हे कुणाला तरी सांगायचं होतं आणि यातली गंमत कळेल अशी तूच. तू म्हणाली असतीस, आधी पाणी पी, मग बोल. प्यायले. आता ऐक.

शाळेतून निवृत्त झाल्यावर मी एक उद्योग लावून घेतलाय. बडोद्यातल्या म्हाताऱ्या माणसांच्या स्मरणशक्तीची पाहणी चाललीय, त्यात मी घरोघर जाते. असेच प्रश्न इथे काही वर्षांपूर्वीही विचारले होते. मधल्या काळात विसरण्याचा आजार वाढला की घटला, ते पडताळायचं. वाढला, असं जो तो म्हणतो. पण आमची डॉक्टर, पुण्याची मुलगी, माझ्या लेकीपेक्षाही लहान, म्हणते की म्हातारी माणसंच वाढली तर आजारीही वाढणारच. बघायचं ते हे, की पूर्वी पंचाहत्तरीला पोचलेल्यांत किती जण विसरायचे आणि आज त्याच वयाचे किती विसरतात. काही देशांत म्हणे हे प्रमाण उतरलंय. लोक जास्त शिकले, रक्तदाबाच्या गोळ्या वेळेवर घेऊ लागले, अशी कारणं सांगतात. आपल्याकडचं अजून नक्की कुणी सांगू शकत नाही. मी कान टवकारून ऐकत होते, कारण तुझं दुखणं सुरू झालं त्या वयाला मी आता पोचलेय. माझा चष्मा सापडेना झाला तरी घरातले एकमेकांकडे बघतात. 'आईच्या वळणावर चालली' हे मला ऐकू जात नाही असं त्यांना वाटतं.

तर आज घडियाळी पोळ नावाच्या जुन्या गल्लीत एका आजींकडे गेलो होतो. आपल्यासारखंच जुनं मराठी घर. आजी खुर्चीत ताठ बसलेल्या. डॉक्टर विचारते, "आजी, काल काय जेवलात?" आजी म्हणतात, "काले ना? काले तर बासुंदी आहे, नातू येतोय अमदावादहून." "उद्याचं नाही आजी, कालचं." "अगं तेच सांगतेय ना, काले!" डॉक्टरची पेन्सिल फुलीकडे निघाली आणि मी जवळजवळ ओरडलेच, थांब, थांब! गुजरातीत काले म्हणजे कालही आणि उद्याही. गेली ती गई काले, येणार ती आवती काले. पुण्याच्या पोरीला हे कोण सांगणार? मीच मग विचारलं, "आजी, गई काले काय जेवलात?" "खिचडी नि कढी," आजी ताडकन म्हणाल्या, "अने कढीत मीठ जास्त होतं, सुनेला सांगू नका." सून दारातच उभी होती. हसून हसून आमची पुरेवाट झाली.

हसता हसता मला आपलं रावपुऱ्यातलं स्वयंपाकघर दिसायला लागलं. तू मेथी निवडतेयस. बाबांनी बोलावलेले डॉक्टर पाटावर अवघडून बसलेत, तेही पुण्याहून नवीनच आलेले. ते विचारतात, काल घरी कोण आलं होतं? तू मान वर न करता म्हणतेस, "काले माझी बहीण येणार आहे, नडियादहून." डॉक्टर बाबांना बाहेर घेऊन जातात आणि हळूच म्हणतात, यांना काळाचं भान राहिलेलं नाही. दुसऱ्या दिवशी मावशी पिशवी घेऊन दारात हजर! "सांगत होते की नाही?" असं तू म्हणालीस, पण तोवर गॅसपाशी जायची तुला बंदी झाली होती. पुढे तू खरंच विसरत गेलीस, ते मी नाकारत नाही. शेवटी शेवटी मला शेजारीण समजून "आवो बेन, बसो" म्हणायचीस, आणि मी बसायचे. पण त्या दिवशी तू शहाणी होतीस, आई. नापास झाला तो प्रश्न!

डॉक्टरने लगेच तिच्या मोठ्या डॉक्टरांना फोन लावला. आता प्रश्न बदलणार आहे आणि आधीच्या पाहणीतली उत्तरंही पुन्हा बघणार आहेत, कारण तिथेही अशी किती माणसं चांगली असून फुलीखाली गेली असतील कोण जाणे. वाढला की घटला, हे त्याशिवाय कसं कळायचं? मला इतका आनंद झाला की येताना सयाजीगंजात थांबून मी एकटीने सेव-उसळ खाल्ली, तिखट रस्सा दोनदा मागून. डॉक्टर म्हणते, ताई, रविवारी तुमचीच परीक्षा घेते, नव्या प्रश्नांनी. मी फुशारकीने हो म्हटलंय.

हे सगळं लेकीला वाचून दाखवायचं म्हणून लिहायला बसले होते. आता नाही दाखवणार. परवा बँकेत खिडकीतल्या मुलीने विचारलं, आईचं नाव? आणि मला नुसतं 'आई' एवढंच आठवत राहिलं. मागे रांग होती. नाव आलं, पण पायऱ्या उतरून रिक्षात बसल्यावर.