मोरचूद पचवणारी बुरशी

तीर्थरूप मामांना,

पाया पडते. चष्मा बहुधा शिलाईच्या दोऱ्यांखाली असेल, तो शोधून पत्र स्वतःच वाचावं, मामीकडून वाचून घेऊ नये. तुमचा गुडघा कसा आहे? मामीच्या बोटात पुस्तक शिवताना सुई गेली होती, ते बरं झालं का? मी उत्तम आहे. मला काही नकोय, सहज लिहायला बसले.

गेले आठ दिवस दुकान फार आठवतंय. शाळा सुटली की मी कापायच्या यंत्राखालच्या कागदी पट्ट्यांच्या ढिगावर बसायचे आणि तुम्ही लोकांचे प्रबंध बांधत असायचात. पुठ्ठ्यावर सोनेरी अक्षरं उमटवण्याआधी स्पेलिंग मला विचारायचात, कारण घरात तेवढं शिक्षण माझंच होतं (इयत्ता पाचवी). एका प्राध्यापकांचं नाव आपण दोघांनी मिळून चुकवलं होतं. ते गृहस्थ अजून तसंच मिरवत असतील.

आणि तो खळीचा पत्र्याचा डबा. बुरशी येऊ नये म्हणून तुम्ही मैद्याच्या खळीत मोरचूद घालायचात, तरी काठावर हिरवट मखमल यायचीच. तुम्ही म्हणायचात, "ही मोरचूदसुद्धा चाटूनपुसून खाते, वर नातेवाइकांना बोलावते." पुढे कॉलेजात मॅडमनी शिकवलं, की मोरचुदातलं तांबं म्हणजे बुरशीला विष. मी उभी राहून म्हटलं, आमच्याकडची खाते. सगळा वर्ग हसला. मॅडम हसल्या नाहीत. म्हणाल्या, "घेऊन ये." मामा, माझं संशोधन म्हणतात ते एवढंच आहे. (घरच्यांना वाटतं मी त्वचेची डॉक्टर होणार. मागच्या खेपेला मावशीनं मला सगळ्यांसमोर गजकर्ण दाखवलं.)

तर ती बुरशी मी काचेच्या बशांमध्ये वाढवली आणि तिच्या पेशीतला सगळा मजकूर कॉम्प्युटरवर उतरवून घेतला. अक्षरं चारच, पण पुन्हापुन्हा येऊन साडेतीन कोटी होतात. दोन वर्षं मी ती तिच्या भाऊबंदांशी ताडून पाहत होते. तांबं पेशीबाहेर फेकणारं जनुक इतरांकडे एखादंच असतं, आपल्या बुरशीकडे अकरा निघाली. मला आनंदानं रडू आलं. मॅडम म्हणाल्या, "कॉम्प्युटर काहीही म्हणेल. ही जनुकं जिवंत बुरशीत बंद कर आणि मोरचुदात ती मरते का ते दाखव. त्याशिवाय प्रबंध पुढे जाणार नाही."

मी ऐटीत कपाट उघडलं. बशांवर ओळीनं ठिपके होते, कोणी हातशिलाई घातल्यासारखे, आणि बुरशीच्या जागी नुसता चिकट चिखल. सूक्ष्मदर्शकाखाली आठ पायांचे पांढरे किडे जेवून सुस्तावलेले दिसले. आले कुठून याचा शोध घेताना मॅडमनी बशांना टेकून ठेवलेला माझा शब्दकोश उचलला. तुम्ही मला दहावीला बांधून दिलेला. शुभ म्हणून मी तो कायम कामाजवळ ठेवायचे. त्यांनी तो टेबलावर आपटला तशी पाठीच्या पुठ्ठ्यातून किड्यांची पुढची पंगत बाहेर आली. "पुस्तक मामांचं, बुरशीही मामांचीच," मॅडम म्हणाल्या. "घरगुती भांडणात मी पडत नाही." बुरशीच्या राखीव नळ्या दूर गोठवून ठेवायचा नियम आहे. कॉम्प्युटरच्या नादात मी 'उद्या ठेवू' म्हणत दोन वर्षं काढली आणि त्या त्याच कपाटात राहिल्या. त्याही गेल्या. आता माझ्याकडे साडेतीन कोटी अक्षरं आहेत, आणि त्यांतून बुरशीचा एक ठिपकाही उगवत नाही.

मागच्या सुट्टीतलं माझं भाषण तुम्हाला आठवत असेल. खळीवरची बुरशी श्वासातून छातीत जाते, अजून किती दिवस हे अडाणीपण, वगैरे. तुम्ही वाद घातला नाहीत. "शिकलेल्या माणसाचं ऐकावं," एवढंच म्हणालात, डबा मामीकडे घासायला दिलात आणि पांढऱ्या गोंदाची बादली आणलीत. तुम्ही माझं ऐकल्याची ती पहिलीच वेळ. परतीच्या प्रवासात मी अभिमानानं खिडकीतल्या माझ्याच प्रतिबिंबाकडे बघत होते.

असो. मनातलं लिहिलं, हलकं वाटलं. मामीला नमस्कार, गुडघ्याला शेक चालू ठेवावा.

तुमची भाची

ता. क. १ : डबा आहे का हो? घासला असला तरी काठाच्या दुमडीत मामीचा हात पोचत नाही. तिथलं हिरवट जे असेल ते धुऊ नका, पुसू नका, तसंच खरवडून कोऱ्या कागदात पाठवा. काही दिसलंच नाही तर त्याच डब्यात पूर्वीसारखी खळ शिजवा, मोरचूद सढळ हातानं घाला आणि झाकण न लावता विसरून जा. थोडक्यात, मी जे सांगितलं होतं त्याच्या बरोबर उलट.

ता. क. २ : खरवडताना नाकाला रुमाल बांधा. भाषणातला तेवढा भाग खरा होता. मामी विचारील, तिला काहीतरी सांगा. स्वच्छतेचे नियम मीच लिहून तिच्या भिंतीवर चिकटवलेत.

ता. क. ३ : बुरशी कायमची जतन करायची तर तिच्यासोबत एक फॉर्म द्यावा लागतो. त्यात 'नमुना गोळा करणारा' असा रकाना आहे. मागे अर्धवट भरून ठेवलेल्या फॉर्मवर मी तिथे माझं नाव घातलं होतं. ते खोडलंय, तुमचं लिहिलंय. शिक्षणाचा रकाना नाही. मी दोनदा पाहिलं.